दंडपत्र क्रमांक चव्वेचाळीस

आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी धंद्याने दातांचे डॉक्टर आहेत. ही गोष्ट मी नीट ध्यानात घेतली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझी अक्कलदाढ चार दिवस ठणकत होती आणि डॉक्टरांचा दवाखाना आमच्याच कोपऱ्यावर होता, म्हणून लांब कुठे जाण्याऐवजी मी त्यांच्याच खुर्चीत जाऊन आडवा झालो. माझा निर्णय म्हणाल तर एवढाच.

डॉक्टरांची पद्धत अशी, की आधी ते तुमच्या तोंडात दोन कापसाचे बोळे, एक आरसा आणि स्वतःची चार बोटं घालतात आणि मग गप्पा सुरू करतात.

"तुम्हाला शनिवारी सुट्टी असते ना?"

"आँ," मी म्हणालो.

"आपल्या रस्त्यावरून बाहेरच्या गाड्या कशा सुसाट जातात, बघता ना?"

"आँ."

"मग येताय ना आपल्या गस्त पथकात?"

यावर मी "आँहाँ" म्हणालो. त्याचा अर्थ, 'नको, माझी कंबर दुखते, शिवाय शनिवारी सकाळी माळा आवरायचं मी बायकोला कबूल केलंय' असा होता. डॉक्टरांनी तो त्यांच्या सोयीने लावला. मी खुर्चीतून उठलो तेव्हा दाढ ट्रेमध्ये पडली होती आणि माझं नाव पथकाच्या यादीत चढलं होतं. (अक्कल काढल्यावर माणूस लगेच समाजकार्याला लागतो, असं आमची ही म्हणाली. माझा गाल सुजलेला असल्यामुळे मी उत्तर दिलं नाही. एरवीही देत नाही.)

खरं सांगायचं तर पथकाची गरज होती. आमचा रस्ता हा दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा आडवा बोळ. सिग्नल चुकवायचा असला की सगळं गाव इथून घुसतं. महिन्याभरापूर्वी एका गाडीने समोरच्यांच्या कुंड्या उडवल्या होत्या, आणि कुंड्यांच्या जागी दोन मिनिटांपूर्वी त्यांची नात दोरीच्या उड्या मारत होती. तेव्हापासून कॉलनीतल्या पोरांना फाटकाबाहेर पाय टाकायची बंदी झाली.

तर पहिल्या शनिवारी मला एक चमकणारं जाकीट, एक शिट्टी आणि एक छापील पुस्तक मिळालं. जाकीट डॉक्टरांच्या मापाचं असल्यामुळे मला गुडघ्यापर्यंत येत होतं. पुस्तकावर 'बाह्य वाहनचालक दंडपत्र' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

"हे आपल्याला देता येतं का?" मी विचारलं. या वेळी तोंड मोकळं होतं.

"का नाही येणार? रस्ता कोण झाडतं? आपण. दिवे कोण लावतं? आपण. मग नियम कोणाचे?" डॉक्टरांनी बोट रोखलं. त्यांचं बोट दिसलं की मला आपोआप तोंड उघडावंसं वाटतं, म्हणून मी विषय वाढवला नाही.

आता तुम्हाला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी जन्म-मृत्यू नोंदणी विभागात कारकून आहे. माणूस आला की मी लिहितो, गेला की मी लिहितो. मधल्या भानगडीशी आमच्या खात्याचा संबंध नाही. तेवीस वर्षांत माझ्या शब्दाने कोणी जागचं हललेलं नाही. माझ्यासमोर उभे असलेले लोकसुद्धा माझ्याकडे न बघता मागच्या घड्याळाकडे बघतात. आणि इथे मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात वर केला, शिट्टी फुंकली, आणि एक अख्खी गाडी थांबली. आतला माणूस काच खाली करून म्हणाला, "काय झालं साहेब?"

साहेब. मला त्या क्षणी उंची वाढल्यासारखं वाटलं. (जाकीट तेवढंच राहिलं.)

वेग मोजायची रीत डॉक्टरांनी घालून दिली होती. विजेच्या खांबापाशी गाडी आली की मोजायला लागायचं. बागेच्या फाटकापर्यंत ती 'पाच' म्हणायच्या आत पोचली तर वेग जास्त. आता मी पडलो सरकारी माणूस. माझं एक आणि माझं दोन यांच्यामध्ये पुष्कळ अवकाश असतो. त्यामुळे माझ्या ड्युटीत सगळेच दोषी निघायला लागले. दुसऱ्या शनिवारी तर एक सायकलवाला तीनमध्येच पोचला. तो उतरून सायकल हातात धरून चालत होता, पण नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या शनिवारपर्यंत पथकाच्या त्या एकाच पुस्तकात त्रेचाळीस दंडपत्रं झाली होती. त्यातली एकोणतीस माझी. डॉक्टर सगळ्यांना माझं उदाहरण द्यायला लागले होते. मी घरीसुद्धा जरा छाती काढून वावरायला लागलो होतो.

घरी मात्र वेगळीच गडबड होती. दोन महिन्यांपूर्वी माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण चालायची हिंमत गेली. ज्या बाईने एकेकाळी तालुक्याच्या शाळांत खेळ शिकवले, तीनशे मुलींना एका हाकेत रांगेत उभं केलं, ती बाई खिडकीशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायची. सर्जननी एका फिजिओथेरपिस्टचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. "यांच्याकडेच जा, पडलेल्याला उठवावं तर यांनी," असं ते म्हणाले होते. नंबर लावून सात आठवडे झाले तेव्हा कुठे वेळ मिळाली होती: शनिवार, सकाळी अकरा.

"अकराच्या आत घरी या हं," त्या शनिवारी मी गस्तीला निघताना बायको म्हणाली. "कुणीतरी धरायला लागेल."

मी हो म्हणालो. फिजिओथेरपिस्ट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जाड मनगटाचा, मिशा असलेला एक पैलवान उभा होता. हेही ध्यानात ठेवा.

पावणेअकराला एक छोटी राखाडी गाडी खांबापाशी आली. मी मोजायला लागलो. एक. दोन. गाडी फाटकाशी. मी हात वर केला आणि शिट्टी मारली.

गाडीत पस्तिशीच्या एक बाई होत्या. केस मागे घट्ट बांधलेले, मागच्या सीटवर रबरी पट्टे आणि एक मोठा निळा चेंडू. (लहान मुलांच्या वाढदिवसाला निघाल्या असाव्यात, असा मी अंदाज बांधला. माझ्या अंदाजांबद्दल घरात काय मत आहे ते तुम्हाला हळूहळू कळेलच.)

"लायसन," मी म्हणालो.

"तुम्ही पोलीस आहात?"

"पथक."

"कसलं पथक?"

"कॉलनीचं. तुम्ही दोनमध्ये आलात. पाच लागतात."

त्यांनी माझ्याकडे, मग जाकिटाकडे, मग घड्याळाकडे पाहिलं. "हे बघा, माझा अकराला पेशंट आहे. इथेच, पुढे. मी वीसच्या वर नव्हते. तुमचं काय लिहायचं ते लिहा आणि मला जाऊ द्या." आणि त्यांनी लायसन माझ्या हातात दिलं.

इथेच जर मी लिहून मोकळा झालो असतो तर बात वेगळी होती. पण तेवीस वर्षं ज्याने लोकांच्या नावातल्या वेलांट्या दुरुस्त केल्या, त्याच्या हातात तुम्ही ओळखीचा कागद देता म्हणजे काय. मी लायसन उन्हात धरलं. आडनावातला एक काना मला संशयास्पद वाटला.

"हे आडनाव माहेरचं की सासरचं?"

"त्याचा वेगाशी काय संबंध?"

"नोंद अचूक हवी. पत्त्याचा पुरावा आहे?"

"मी रस्त्यात उभी आहे. पत्त्याचा पुरावा घेऊन कोण फिरतं?"

"कोणाकडे चाललात? नाव सांगा, मी खात्री करून घेतो."

"पेशंटचं नाव मी तिऱ्हाइताला सांगत नाही."

मी पुस्तकात 'उद्देश सांगण्यास नकार' असं लिहिलं. दंडपत्राला चौदा रकाने होते. मी माझ्या अक्षरात (आमच्या खात्यात माझ्या अक्षराची वाखाणणी होते) एकेक भरत गेलो. सातव्या रकान्यापाशी अकरा वाजले. अकराव्यापाशी सव्वाअकरा. बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. आवाज चढवणाऱ्यांची मला सवय आहे.

शेवटी त्या म्हणाल्या, "लायसन परत देता, की पोलिसांना फोन करू?"

"करा की," मी म्हणालो. मला मनापासून आनंद झाला होता. "त्यांनाही कळू दे आम्ही काय काम करतो ते."

त्यांनी फोन केला, थोडं बोलल्या, मग माझ्याकडे दिला. पलीकडून एक शांत आवाज आला, "ते लायसन घेऊन एक वाजता चौकीत या. तुमचं ते पुस्तकही आणा. येताय ना?"

"जरूर साहेब," मी म्हणालो. मला वाटलं, शाबासकी द्यायला बोलावताहेत.

बाई म्हणाल्या, "माझ्या इथल्या पेशंटची वेळ गेली. बाराची पेशंट गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, मी तिला थांबवून ठेवणार नाही. चौकीत भेटू." आणि गाडी मागे घेऊन त्या गेल्या. जाताना त्या खांबापाशी पोचेपर्यंत माझं पाच म्हणून झालं होतं, हेही मी नोंदवलं.

चौकीत जायच्या आधी शर्ट बदलावा म्हणून मी घरी आलो. दारातच बायको उभी होती.

"अहो, अजून कुणी आलं नाही. दवाखान्याचा फोनही कुणी उचलत नाही."

आत सासूबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, पायात नवे कोरे पांढरे बूट, नाड्या दुहेरी गाठीच्या. पुढ्यात वॉकर. दोन महिन्यांत मी त्यांना असं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

"या लोकांना दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नसते," मी म्हणालो आणि शिट्टी, पुस्तक आणि लायसन टेबलावर ठेवलं. "आज मी एकीला चांगलाच धडा शिकवला. पोलिसांनी मला स्वतः बोलावलंय."

सासूबाईंनी चष्मा चढवला. शिक्षकी सवय, समोर आलेला कागद वाचल्याशिवाय त्या सोडत नाहीत. त्यांनी लायसनवरचं नाव वाचलं. मग उशीखालची सर्जनची चिठ्ठी काढली आणि तिच्यावरचं नाव आणि खालची 'व्यायामाचा निळा चेंडू त्याच आणतील' ही ओळ वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मागे निळा चेंडू होता का?"

"होता," मी म्हणालो.

बायकोने भिंतीला हात टेकला. तिने आरडाओरडा केला असता तर मी ऐकून घेतला असता. पण तेवढ्यात सासूबाई हळू आवाजात लेकीला म्हणाल्या, "बूट काढ गं. मला वाकता येत नाही." आणि बायको खाली बसून त्या दुहेरी गाठी सोडवायला लागली. सात आठवडे त्यांनी ज्या दिवसाची वाट पाहिली तो मी चौदा रकान्यांत घालवला होता. मी ते जाकीट तिथेच काढून ठेवलं. शर्ट बदलायचं विसरलो.

चौकीत टेबलामागे फौजदार बसले होते, समोरच्या बाकावर त्या बाई. मी लायसन आधी त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "बाई, माझं चुकलं. तुमची अकराची पेशंट माझी सासू आहे."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे," ते म्हणाले, "तुम्ही तुमच्याच घरी येणाऱ्या डॉक्टरला तुमच्याच दारात अडवलंत."

"दारात नाही साहेब. फाटकाशी."

"बसा." त्यांनी पुस्तक उघडलं आणि शांतपणे चाळलं. "त्रेचाळीस. आणि हे चव्वेचाळीस. यात तुमच्या कॉलनीतले किती?"

"एकही नाही. कॉलनीतल्यांना आमचे सेक्रेटरी डॉक्टर ओळखतात."

"हेच तर उलटं झालंय. हे बघा, कॉलनीचे नियम कोणी मान्य केले? सभासदांनी, सही करून. तेव्हा एखादा सभासद जोरात गाडी हाकत असेल तर त्याला पत्र पाठवा, सभेत उभं करा, तुमच्या नियमात दंड असेल तर तोही लावा. बाहेरून येणाऱ्या माणसाने तुमच्या कुठल्या कागदावर सही केलीय? त्याला थांबवायचं, लायसन मागायचं, दंड लावायचा, हे काम आमचं. आणि आम्हालाही त्यासाठी कायदा दाखवावा लागतो. रस्ता तुम्ही झाडता म्हणून तो माणूस तुमचा होत नाही."

"मग आम्ही काहीच करायचं नाही?"

"करा ना. फाटकाशी पाटी लावा. नंबर टिपून आम्हाला कळवा, गतिरोधकासाठी अर्ज करा, मी स्वतः वर पाठवतो. हात जोडून 'हळू जा' म्हणा. पण हात जोडायचे, आडवे करायचे नाहीत. आडवे केले की त्याला वाट अडवणं म्हणतात, आणि लायसन ठेवून घेतलं की त्याला आणखी वाईट काहीतरी म्हणतात." त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, "तक्रार नोंदवायची का?"

सरकारी नोकरावर गुन्हा म्हणजे काय ते मला माहीत होतं. बाईंनी मात्र मला विचारलं, "आजी आत्ता काय करताहेत?"

"खिडकीशी बसल्यात. बूट काढून."

"माझ्या दोन अटी आहेत," त्या म्हणाल्या. "ही सगळी दंडपत्रं रद्द करायची आणि प्रत्येकाला तसं पत्र लिहायचं. तुमच्या अक्षरात. आणि मी सोमवारी सकाळी आठला येईन, ती माझी स्वतःची व्यायामाची वेळ आहे. त्यानंतर सहा आठवडे रोज दोनदा, अर्धा अर्धा तास, आजींना चालवायला तुम्ही हजर राहायचं. दुसरं कोणी नाही. तुम्ही."

"मला येतं का पण ते?"

"चुका काढता येतात ना? मग चालणंही बघता येईल."

संध्याकाळी मी पुस्तक घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सवयीने खुर्चीकडे बोट दाखवलं, पण मी उभाच राहिलो आणि फौजदारांनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर प्रथम तापले. झाडू आपला, दिवे आपले, सगळं पुन्हा झालं. मग मी म्हणालो, "डॉक्टर, उद्या दुसऱ्या कॉलनीने तुमची गाडी अडवली आणि तुमच्या पेशंटचा सुजलेला गाल तिकडे तसाच राहिला, तर?" त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुस्तक हातात घेऊन म्हणाले, "छपाई मात्र छान झाली होती." गतिरोधकाच्या अर्जावर पहिली सही त्यांनीच केली.

सोमवारी आठला राखाडी गाडी आली. बाईंनी सासूबाईंना नमस्कार केला, बूट स्वतः त्यांच्या पायांत चढवले आणि पहिल्याच दिवशी दारापर्यंत नेलं. सासूबाई घामाघूम झाल्या, पण खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, "उद्या उंबरा." दुसऱ्या आठवड्यात पायऱ्या झाल्या. तिसऱ्यात अंगण. मी मागे हात पसरून चालायचो, पडल्या तर झेलायला. "हात जरा आत घ्या," सासूबाई म्हणायच्या, "तुमची सावली माझ्या वाटेत येते." मधल्या वेळात मी पत्रं लिहीत होतो. सायकलवाल्याला पत्र स्वतः नेऊन दिलं. त्याने ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आता बसून चालवली तर चालेल का?"

पाचव्या आठवड्यात सासूबाई रस्त्यावर आल्या. वॉकर गेला होता, काठी आली होती. पांढरे बूट, सरळ पाठ, नजर समोर. सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, खांबापासून फाटकापर्यंत आणि परत. आणि मग एक गंमत झाली. मोठ्या रस्त्यावरून सुसाट आत शिरलेली गाडी सासूबाई दिसल्या की आपोआप हळू व्हायची. ना शिट्टी, ना जाकीट. सासूबाई काठी किंचित उचलून मान हलवायच्या, जणू खेळाच्या तासाला रांग सरळ केल्याबद्दल शाबासकी देताहेत, आणि गाडीतला माणूस उगाचच ओशाळून हसायचा. डॉक्टर एकदा दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून मोजत होते. नऊ आले. त्यांनी खात्रीसाठी पुढची गाडी मोजली, ते अकरा आले.

मग कॉलनीतल्या आणखी दोन आज्या त्यांच्याबरोबर निघायला लागल्या. समोरच्यांची नात दोरी घेऊन पुन्हा फाटकाबाहेर आली. गतिरोधकाचा अर्ज मंजूर झाल्याचं पत्रही आलं. (गतिरोधक अजून यायचाय. मी सरकारी माणूस आहे, मला घाई नाही.) सहा आठवडे संपले तेव्हा बाईंनी मला सांगितलं, "तुमची शिक्षा संपली, आजी आता एकट्या जाऊ शकतात." पण तोवर मला त्या वेळेची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर सासूबाईंनाही झाली असावी, असा माझा समज होता.

परवा सकाळची गोष्ट. आम्ही दोघं फाटकापाशी पोचलो होतो. सासूबाई पुढे, काठी नुसतीच हातात. मी मागे, सवयीने गुडघ्यांत थोडा वाकून, हात पसरून, एकेक पाऊल जपून टाकत. एक अनोळखी गाडी अगदी हळू झाली आणि आमच्या शेजारी थांबली. आतल्या गृहस्थांनी काच खाली केली, सासूबाईंकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "रोज नेता का आजोबांना फिरायला? छान. त्यांचं काय मोडलं होतं?"

सासूबाईंनी मागे वळून मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मोडलेलं काही नाही," त्या म्हणाल्या, "जावई आहेत ते आमचे."